आठव्या दिवसाचं पाणी

"कुणीतरी माजलेला माणूस असणार हो तो," सिस्टर म्हणाली, आणि यंत्रावर फिरणारी काच त्याच्या हातून केसभर जास्त घासली गेली.

केसभर म्हणजे केसभरच. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं, फ्रेममध्ये बसवली असती तर निमूट बसलीही असती. पण सव्वीस वर्षं चष्म्याच्या काचा घासण्यात घालवलेल्या माणसाला तो केस दोरखंडाएवढा दिसतो. त्याने यंत्र बंद केलं, काच बाजूच्या फडक्यावर ठेवली आणि उगाचच हात पुसत बसला. समोरच्या स्टुलावर बसलेली सिस्टर पलीकडच्या चौकातल्या इस्पितळात परिचारिका होती. चाळिशी लागल्याचा पहिला चष्मा करायला आली होती, वरून लांबचं आणि खालून जवळचं दिसणारा. त्याने नेहमीच्या सवयीने बजावलं होतं, की नवा नंबर आहे, मोबाइल जरा कमी बघा, आणि त्यावर ती हसून म्हणाली होती, "आता मोबाइलमध्ये राहिलंय काय बघायला! एक खेळ होता, तोही बुडाला." मग तिने न विचारता सगळं सांगितलं. इस्पितळाच्या कँटीनमधल्या फळ्यावर चिठ्ठी होती, 'रोज फक्त पाच मिनिटं द्या' अशी. तिला दिवसात पाचच मिनिटं मिळतात, तेव्हा म्हटलं बघू या. नदीकाठी बारा घरांचं गाव मिळालं. "मी ना काका, एकेक घर एकेका पेशंटला देऊन टाकलं होतं. एक खोकणाऱ्या आजोबांचं, एक सारखी बेल वाजवणाऱ्या बाईंचं. गावाचं नाव वॉर्ड सात. आणि आठव्या दिवशी दुपारी डबा उघडून बघते तर बाराच्या बारा घरं पाण्याखाली! वरच्या अंगाला कुणी घार नावाचा होता, त्याने धरण सोडलं. ना ओळख, ना भांडण. मी त्याचं काय घोडं मारलं होतं?"

"मग?" त्याने विचारलं. आवाज बरा निघाला.

"मग काय. टाकला काढून. तोंडात मारल्यासारखं झालं हो."

घार म्हणजे तोच. ही गोष्ट जगात त्याच्याशिवाय कुणालाही माहीत नाही अशी त्याची गेली नऊ वर्षं समजूत होती. सिस्टर गेल्यावर त्याने नवी काच घेतली, नंबर पुन्हा तपासला आणि श्वास धरून घासायला लागला. पण डोक्यात खोकणारे आजोबा शिरले होते. समोर माणूस असतो हे काय त्याला ठाऊक नव्हतं? होतं की. खेळ म्हटला की समोर कुणीतरी असायचंच. फक्त त्या कुणाचं तरी गाव त्याच्या लेखी नदीचं एक वळण होतं, बारा घरांचं, मऊ मातीचं. त्या घरांमध्ये कुणी राहत असेल आणि सारखी बेल वाजवत असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. दुपारभर गिऱ्हाइकं आली आणि गेली. एकाला त्याने उजव्या डोळ्याची काच डाव्या खोबणीत बसवून दिली असती, ऐन वेळी सावरला. आणि खोकणारे आजोबा काही केल्या डोक्यातून जाईनात, कारण खेळ त्याच्या वहिनींचा होता, आणि तो खेळ मरायला टेकला होता.

वहिनी पूर्वी नकाशांच्या कचेरीत नकाशे काढायच्या. नद्या त्यांच्याकडे असत. रस्ते कुणीही काढावेत, पण नदीची रेघ वहिनींनी मारावी असं साहेबच म्हणायचे. मग कचेरीत संगणक आले आणि एके दिवशी वहिनींचं तिरकं टेबल कोपऱ्यात उभं करून ठेवण्यात आलं. बरोबरच्या दोघीतिघी रडल्या. वहिनींनी मात्र परत येताना एक जाडजूड पुस्तक आणलं आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, जेवणाच्या टेबलावर, भाजी निवडून झाली की, संगणकाला आज्ञा कशा द्यायच्या ते शिकायला बसल्या. तीन वर्षं. दादा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, बसडेपोत वेळापत्रकं लावायचा, तो म्हणाला, "एवढ्या वेळात तुझ्या दोन भाषा शिकून झाल्या असत्या." "तिसरीच शिकतेय," वहिनी म्हणाल्या आणि पान उलटलं. तीन वर्षांनी त्या टेबलावर एक नदी तयार झाली. तिचं नाव त्यांनी 'काठ' ठेवलं. एकच नदी, शेकडो वळणांची. प्रत्येक खेळणाऱ्याला एक वळण. दिवसातून एकच हुकूम द्यायचा, बांध घाला, दार उघडा, पेरा, घर हलवा, काहीही, पण एकच. आणि दुपारी बारा वाजता सगळ्यांचे हुकूम एकदम लागू होऊन नदी चालायची. ना बंदुका, ना राक्षस, ना चमचमणारे बक्षिसांचे पेटारे. नव्या माणसाला सात दिवस पाहुणा म्हणायचं आणि त्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही. आठव्या दिवशी तो गावकरी. एवढं साधं. पण त्या साधेपणाच्या खाली वहिनींनी पाण्याची जी मांडणी केली होती, ती पहिल्यांदा त्याच्या लक्षात आली तेव्हा जेवणाच्या सुट्टीत त्याच्या अंगावर काटा आला होता. पाणी खरं होतं. कुठे किती वेळात पोचेल, कुठे रेंगाळेल, कुठे गाळ टाकेल, सगळं खरं. पडद्यावर नुसती निळी रेघ, आणि ती रेघ वजनदार.

वहिनींना सांगायची मात्र लाज वाटली. चाळिशीला टेकलेला दीर, मागच्या खोलीत एकटा राहणारा, लग्न जमलं नाही आणि न जमल्याचं कुणाला फारसं वाईटही वाटलं नाही असा, तो वहिनीचा खेळ दुपारी डबा खाता खाता खेळतो, हे काय सांगायचं? नाव घालायची वेळ आली तेव्हा समोरच्या पाण्याच्या टाकीवर घार बसली होती, तिचंच नाव दिलं. दुसऱ्या वर्षी त्याने वरच्या अंगाला तीन धरणं बांधली. वरचं खालच्या पाहुण्याच्या पाचव्या दिवशी सोडायचं, मधलं सातव्या, खालचं आठव्या. आणि तिन्ही पाणी एकाच दुपारी, बाराच्या ठोक्याला, एका वळणावर येऊन भेटायचं. ते कधी चुकलं नाही. खाली गाव कुणाचं आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. तीन निळ्या रेघा वेगवेगळ्या वाटांनी यायच्या आणि एक व्हायच्या, त्या क्षणी त्याचा घास तोंडाशी थांबायचा. दिवसभरात दुसरं काही इतकं बरोबर घडत नसे.

आणि इकडे, जेवणाच्या टेबलावर, महिन्याभरापासून एक पत्र पडून होतं. ज्या कंपनीच्या यंत्रांवर 'काठ'ला फुकट जागा होती तिने कळवलं होतं, की छोट्या खेळांची जागा आवरायची आहे. दोन महिन्यांनी, महिनाअखेरच्या दुपारी, रोज खेळणारे किमान शंभर असतील तर ठेवू, नाहीतर पुसून टाकू. खेळणारे होते सत्त्याऐंशी. वहिनींनी पदर खोचला. वाचनालयात, इस्पितळात, टपालकचेरीत चिठ्ठ्या लावल्या. नदीचा निळा रंग अधिक निळा केला. स्वतःच्या आवाजात खेळाची ओळख करून देणारी फीत काढली, ती अकरा वेळा, कारण दर वेळी शेवटच्या वाक्याला कुठूनतरी कुत्रं भुंकायचं. अकराव्या वेळी त्यांनी कुत्र्यासकट ठेवून दिली. आणि माणसं आली! आठवड्याला दहा, बारा, पंधरा. येत होती आणि जात होती. "येतात हो," वहिनी म्हणायच्या, "टिकत नाहीत." त्या हे अगदी शांतपणे म्हणायच्या, पोळी ताटात वाढावी तसं, आणि त्याला घास गिळताना काही वाटायचं नाही. आता वाटत होतं. आठव्या दिवशी कोण कुठे जातं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

त्या दिवसापासून त्याने धरणं बंद ठेवली. कानाला खडा. रोज दुपारी डबा उघडायचा, एक निरुपद्रवी हुकूम द्यायचा, बांधाची डागडुजी नाहीतर चार झाडं, आणि खालच्या वळणांवर नवीनवी बारा घरं सुखात नांदताना बघायची. चार दिवसांनी सिस्टर चष्मा न्यायला आली. त्याने तो तिच्या नाकावर बसवला, कानामागची काडी अर्ध्या दाण्याएवढी वाकवली आणि नेहमीचं सगळं सांगितलं. पहिले आठ दिवस जिना उतरताना पायरी वर आल्यासारखी वाटेल. कडेचं जग हलेल. डोकं जड होईल, आपला चष्मा चुकलाय असं वाटेल, काढून फेकावासा वाटेल. फेकू नका. मान खाली घाला, नुसती नजर नको. हे तो बायफोकल नेणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. खेळाचं मात्र एक अक्षर बोलला नाही. ती पायरी चाचपत उतरून गेली आणि त्याला वाटलं, आपण आता चांगले झालो आहोत. चांगलं होणं इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

नव्हतंच सोपं. पंधरा दिवसांनी, सकाळच्या चहाला, वहिनी वही घेऊन बसल्या. "एकोणतीस आले," त्या म्हणाल्या, "आणि चोवीस गेले. पण गंमत बघा, आता आठव्या दिवशी जात नाहीत. अकराव्या, बाराव्या दिवशी जातात. एकाला विचारलं, का हो गेलात? तर म्हणतो, छान आहे, पण काही घडतच नाही."

"आधी बुडतात म्हणून जात होते, आता बुडत नाहीत म्हणून जातात," दादा वर्तमानपत्रामागून म्हणाला. "आमच्या बसचंही तसंच आहे. उशिरा आली तरी तक्रार, वेळेवर आली तर सुटली म्हणून तक्रार." मग तो चपला घालून डेपोत गेला. वहिनींनी कप उचलले नाहीत. वही मिटली आणि सरळ त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही धरणं का बंद ठेवलीत?"

त्याने ग्लास उचलला, तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला. "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या वर्षापासून. रविवारी बाराला पाच कमी असताना तुम्ही आंघोळ अर्धवट टाकून बाहेर येता. आणि घारीचा बांध फुटला, की त्या संध्याकाळी तुम्ही भाजीला नावं ठेवता."

"मग मला अडवलंत का नाही? लोक माझ्यामुळे जात होते, वहिनी. तुम्हाला दिसत असणार."

"दिसत होतं ना. एका ओळीचं काम होतं. सात दिवसांच्या जागी तीस लिहायचं, की तुमची धरणं बसली असती वाट बघत. तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं." वहिनी टेबलावरचे साखरेचे कण बोटाने गोळा करत होत्या. "तुम्ही पहिल्यांदा तीन धरणांचं पाणी एका वळणावर आणलंत, आठवतंय? मी तशी सोय केली नव्हती हो. मी फक्त पाणी केलं होतं. त्यातून असं काही निघेल हे मलाही माहीत नव्हतं. मी यांना डेपोत फोन केला, म्हटलं, अहो, कुणाला तरी माझी नदी कळली! हे म्हणाले, बरं, आणि येताना काही आणायचंय का. तेव्हापासून रोज बाराला मी आधी तुमची चाल बघते. तुम्हाला अडवलं असतं तर ते बघायला मिळालं नसतं. म्हणून लोक जाऊ दिले. घर जळतंय आणि आपण उजेड छान पडलाय म्हणून बघत बसायचं, तसलं केलं मी. चूक माझी आहे. तुम्ही कशाला तोंड पाडून बसलात?"

तो दुकानात गेला खरा, पण कसा गेला हे त्याला सांगता आलं नसतं. रस्ता ओलांडताना कुणीतरी हॉर्न वाजवला, कुणीतरी शिवी दिली, ती त्याला प्रेमाने दिल्यासारखी वाटली. नऊ वर्षं. नऊ वर्षं तो एकटा डबा खात होता असं समजत होता आणि तिकडे, भाजीच्या डेखांच्या ढिगाशेजारी, कुणीतरी त्याचं पाणी येताना बघत होतं. त्याला खूप जुनं आठवलं. वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा तो एकोणीस वर्षांचा, चष्म्याच्या अभ्यासक्रमाला. डोळ्याच्या उभ्या छेदाची आकृती काढून न्यायची होती, भल्या पहाटे उठून काढत बसला होता. नवी नवरी पाणी प्यायला आली आणि मागे उभी राहिली. घरातलं कुणी कधी त्याच्या मागे उभं राहिलं नव्हतं. वडील पुढे उभे राहायचे. वहिनी म्हणाल्या, "ही रेघ तुम्ही दोनदा मारलीत. एकदाच मारायची, श्वास धरून." बस. पाणी पिऊन निघून गेल्या. त्याने कागद फाडला आणि पुन्हा काढला, श्वास धरून, आणि तेव्हापासून तो प्रत्येक काच तशीच घासत आला होता. या बाईने नोकरी गेल्यावर नदी केली, नदीत माणसं येईनात तर अकरा वेळा तेच वाक्य म्हटलं, आणि एका दिराची चाल सुंदर दिसते म्हणून तीच नदी हातची जाऊ दिली, तेही शब्दाने न बोलता. त्याला इतकं भरून आलं, की भिंग पुसायच्या फडक्याने त्याने डोळे पुसले. ते फडकं कुणालाही वापरू द्यायचं नाही असा त्याचाच नियम होता.

सिस्टर त्याच दुपारी आली. पायरी न चाचपता आली. "काका, बरोबर आठव्या दिवशी जमलं हो! चौथ्या दिवशी जिन्यात अशी काही डगमगले, एरवी तिथूनच परत आणून दिला असता. पण म्हटलं, हे काकांनी आधीच सांगितलंय, म्हणजे ठीक आहे. सांगितलं नसतंत ना, तर तुमच्या नावाने खडे फोडले असते."

तो तिच्याकडे बघतच राहिला. सव्वीस वर्षं तो हे लोकांना सांगत होता. पायरी वर आल्यासारखी वाटेल, घाबरू नका. सांगितलेला माणूस टिकतो, न सांगितलेला चष्मा काउंटरवर आपटतो. यात नवं काय होतं? एखाद्या शाळकरी पोरालाही कळावं असं ते होतं, आणि रोज दुपारी बारा वाजता ते त्याच्या डोक्यातून साफ जात होतं.

"सिस्टर," तो म्हणाला, "ती घार मी."

सिस्टरने आधी वरच्या काचेतून बघितलं, मग मान उचलून खालच्या काचेतून. "तुम्ही? तुम्ही माझा वॉर्ड बुडवलात?"

"हो."

"खोकणारे आजोबा परवा बरे होऊन घरी गेले, माहितीये? आणि खेळात तुम्ही त्यांना..." तिला राग आला होता आणि हसूही येत होतं, आणि दोन्हींपैकी काय करावं हे तिचं ठरत नव्हतं. त्याने पावतीपुस्तक ओढलं, एका पावतीच्या मागे तिचं वळण काढलं. हे तुमचं गाव. ही नदी. डाव्या हाताला एक जुना कालवा आहे, त्याचं दार तुम्हाला शेतीचं वाटलं असेल, सगळ्यांना तसंच वाटतं. आदल्या दिवशी ते उघडायचं. मग माझं पाणी गावात न येता मागच्या पाणथळीत जातं आणि दोन दिवसांनी गाळ टाकून निघून जातं. पुढचं पीक दुप्पट. घरं कोरडी. हे त्याने तिसऱ्या वर्षी शोधलं होतं आणि जिवंत माणसाला कधी सांगितलं नव्हतं. वहिनींखेरीज ते फक्त त्याला ठाऊक होतं. पेन्सिल उचलताना त्याला काहीतरी हातातून सुटल्यासारखं वाटलं.

"मग हे आधी सांगायला तोंड नव्हतं का?" सिस्टर म्हणाली.

"परत खेळाल?" त्याने विचारलं.

"बघते," ती म्हणाली, पण पावती घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून त्याने धरणं पुन्हा भरायला घेतली आणि पत्रं लिहायला घेतली. खालच्या वळणावरच्या प्रत्येक नव्या माणसाला, त्याच्या सातव्या दिवशी सकाळी. 'नमस्कार. मी वरच्या अंगाचा घार. उद्या बारा वाजता मी पाणी सोडणार आहे आणि ते तुमच्यावर येणार आहे. डाव्या हाताच्या कालव्याचं दार आजच उघडा. पहिल्यांदा बघताना जीव घाबरा होईल. गाव जाणार नाही. गाळात काय पेरायचं ते परवा विचारा.' पहिलं पत्र लिहायला त्याला अर्धा तास लागला, एकीकडे डबा निवत होता. पहिल्या तिघांपैकी दोघांनी विश्वासच ठेवला नाही. शत्रू स्वतःहून दार उघड म्हणतोय म्हणजे उघडायचं नाहीच, इतकं शहाणपण त्यांच्याकडे होतं, आणि ते बुडाले. पण बुडून गेले नाहीत! संध्याकाळी त्यांचीच पत्रं आली, की अहो, तुम्ही खरंच सांगत होतात की. आणि नवीन वळण घेऊन पुन्हा बसले. तिसऱ्याने दार उघडलं होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तीन रेघा एक होऊन आल्या, गावापाशी पोचल्या, आणि गाव जिथल्या तिथे राहिलं. पाणी डावीकडे वळलं, पाणथळीत पसरलं, उथळ आणि फिकं झालं. खाली त्या माणसाचा एका शब्दाचा निरोप आला. 'आईशप्पथ.'

मग दिवस भराभर गेले. सिस्टर परतली आणि एकटी परतली नाही. तिने वॉर्डातल्या निम्म्या परिचारिका आणल्या, एक रुग्णवाहिकेचा चालक आणला. गाळात काय पेरावं हे विचारायला आलेली माणसं दुसऱ्याला सांगायला लागली. वहिनींनी चिठ्ठी बदलली. 'रोज फक्त पाच मिनिटं द्या'च्या खाली त्यांनी लिहिलं, 'आठव्या दिवशी पूर येईल.' त्यांना भीती होती की हे वाचून कोण येणार, पण त्याच चिठ्ठीने जास्त माणसं आली. वहीतला आकडा नव्वदीत शिरला, तिथे हिंदकळला, एकदा पुन्हा एकोणनव्वदवर आला तेव्हा त्या रात्रीचं जेवण कुणाला गेलं नाही. तो दुपारी पत्रं लिहीत राहिला. एक गोष्ट मात्र तो कुणाला बोलला नाही. त्याची चाल संपली होती. तीन धरणांचं पाणी आता शाळेतल्या कवितेसारखं झालं होतं, सगळ्यांना पाठ, सगळ्यांना पुढची ओळ ठाऊक. वहिनी रोज बाराला आधी त्याचं पाणी बघायच्या, हे त्याला कळलं आणि लगेच ते संपलंही. आता चहाच्या वेळी त्या कधी एका टपालवाल्याच्या बांधाबद्दल बोलायच्या, कधी आणखी कुणाच्या. तो मान डोलवायचा. स्वतःच्या हाताने वाटून टाकलेल्या गोष्टीबद्दल कुरकुर कशी करायची?

महिनाअखेर रविवारी आली. सुट्टीच होती. तिघंही टेबलाशी होते. वहिनी पडद्यासमोर, दादा वर्तमानपत्रात, तो वहिनींच्या शेजारच्या खुर्चीत. खाली एका ओळीत सात नवी गावं होती, त्यांत सिस्टरचा वॉर्ड सात सगळ्यांत वर. सातही जणांना त्याने काल पत्र लिहिलं होतं आणि सातही जणांचं एकसारखं उत्तर आलं होतं, 'बरं काका.' सगळं यथास्थित होतं. बाराचा ठोका पडला आणि नदी चालली. वरची रेघ, मधली रेघ, खालची रेघ. तिन्ही एक झाल्या. आणि त्याच्या लक्षात आलं, एकाचाही कालवा उघडा नव्हता. उलट सातही जणांनी नदीच्या पात्रावरची मोठी दारं लावून घेतली होती. घोळ झाला, त्याला वाटलं. माझं पत्र चुकलं, सातही बुडणार, आणि आजच, मोजणीच्या दुपारी. त्याने वहिनींचा हात धरायला हात पुढे केला आणि तसाच थांबवला. पाणी पहिल्या दारापाशी आलं आणि अडलं. चढायला लागलं. तेव्हा त्याला दिसलं की सातही गावांतली घरं जागेवर नाहीत. आठवडाभर रोजच्या एका हुकमात दोन-दोन घरं करत त्यांनी ती उंचावर हलवली होती, खोकणाऱ्या आजोबांसकट. पाणी चढत राहिलं, पुढे वाट मिळेना तेव्हा थांबलं, आणि मग, अगदी सावकाश, मागे वळलं. त्याच्या खालच्या धरणावरून, मधल्या धरणावरून, निळी रेघ उताराच्या विरुद्ध जाडजाड होत वर आली आणि नऊ वर्षांत त्याने घर घर करून उभारलेल्या राजधानीत शिरली.

"फुगवटा!" वहिनी उभ्याच राहिल्या. "भाऊजी, फुगवटा काढला हो त्यांनी! सात जणांनी एकाच दुपारी दारं लावली. एकानं जरी घाबरून उघडं ठेवलं असतं ना, तर सगळे गेले असते वाहून. एकानंही नाही ठेवलं. पाणी अडलं की मागे फुगतं हे मी लिहून ठेवलं होतं, पण कोण वापरणार असं! कोण वापरणार!"

पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता, एकशे सहा. तो दादाने वाचला. "एकशे सहा," तो वर्तमानपत्र खाली करून म्हणाला, "म्हणजे झालं ना तुमचं?" वहिनींचं आकड्याकडे लक्षच नव्हतं. त्या टेबलावर दोन्ही हात टेकून नदीकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा त्याने तसा कधी पाहिला नव्हता. एखादी मुलगी गच्चीवरून पहिल्यांदा गाव बघते तसा. त्याला आत काहीतरी टोचलं, चांगलंच खोल. हा चेहरा इतकी वर्षं त्याचा होता. त्याच्या तीन रेघांसाठी हा चेहरा रोज दुपारी इथे असायचा, आणि तो पाहायला तो स्वतः एकदाही इथे नव्हता. आणि आज पहिल्यांदा तो हजर होता, तर हा चेहरा दुसऱ्यांसाठी होता.

मग त्याने नदीकडे पाहिलं. आपलं काय गेलं ते सोडून नुसतं पाण्याकडे पाहिलं. नऊ वर्षं ही नदी आपल्याला पाठ आहे असं तो समजत होता, आणि ती मागे वळू शकते हे त्याला सुचलं नव्हतं. सुचणारही नव्हतं. त्याला सहा माणसं लागली असती, आणि त्या सहांनी दार लावून ठेवलंय यावर न बघता भरवसा ठेवावा लागला असता. वरच्या अंगाला एकट्याने बसलेल्या माणसाला ते कुठून सुचावं? सिस्टरला सुचलं होतं. महिन्याभरापूर्वी ती पायरी चाचपत होती.

"सुंदर," तो म्हणाला.

वहिनींनी वळून बघितलं. त्या घरात या खेळाला हा शब्द आजवर कुणी लावला नव्हता. "काय म्हणालात?"

"सुंदर आहे, वहिनी. त्यांनी केलं ते तर आहेच. पण ही नदी. फार सुंदर केलीत तुम्ही. पहिल्या दिवसापासून म्हणायचं होतं, नऊ वर्षं राहून गेलं."

दादाने वर्तमानपत्राची घडी घातली. वहिनी बसल्या, त्याला नीट दिसावं म्हणून आपली खुर्ची जरा बाजूला सरकवली, आणि दुपार बाराच्या ठोक्यापासून पुन्हा चालू केली. आणि दोघं जण त्याची राजधानी बुडताना पहिल्यापासून बघू लागले.